भयाचा व्यापार : बनावट अँटिव्हायरसचा उदय, उत्कर्ष आणि ऱ्हास (२००४–२०११)

१. प्रश्नाचे स्वरूप

फसवणुकीच्या इतिहासात लोभावर चालणारी फसवणूक आणि भयावर चालणारी फसवणूक असे दोन स्थूल प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात ठक आपल्या सावजाला लाभाचे स्वप्न दाखवितो. दुसऱ्यात तो हानीचे चित्र उभे करतो आणि त्या हानीपासून सोडविणारा म्हणून स्वतःच पुढे येतो. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात संगणकाच्या पडद्यावर बनावट अँटिव्हायरसची जी विक्री चालली, ती ह्या दुसऱ्या प्रकारात मोडते. एखादा मनुष्य संगणकावर वर्तमानपत्र वाचीत असे. एकाएकी पडद्यावर एक चौकट उघडे. तीत तपासणी चालू असल्याचा देखावा होई आणि काही क्षणांतच संगणकात अनेक विषाणू सापडल्याचा निर्वाळा तांबड्या अक्षरांत मिळे. उपाय म्हणून एक आज्ञावली देऊ केली जाई व तिची किंमत साधारणतः ३० ते १०० डॉलरांच्या दरम्यान असे. वस्तुतः तपासणी झालेलीच नसे, विषाणू सापडलेले नसत आणि विकत घेतलेल्या आज्ञावलीत ते काढून टाकण्याचे सामर्थ्यही नसे. रोग, निदान आणि औषध ही तिन्ही एकाच दुकानातून येत होती.

हा व्यापार साधारणपणे २००४ पासून दृष्टीस पडू लागला, २००८ ते २०१० ह्या काळात त्याने कळस गाठला आणि २०११ च्या मध्यास तो अल्पावधीत ओसरला. तो एवढा का फोफावला आणि एवढ्या त्वरेने का आटला, हे दोन प्रश्न प्रस्तुत निबंधाचा विषय आहेत. पहिल्या प्रश्नाला सामान्यतः दिले जाणारे उत्तर ‘वापरणाऱ्यांचे अज्ञान’ असे आहे. हे उत्तर सोपे आहे, परंतु अपुरे आहे; शिवाय ते दोषाचा सारा भार फसविल्या गेलेल्या माणसावर टाकते. उपलब्ध पुरावा निराळ्या दिशेस बोट दाखवितो. ह्या व्यापाराची मुळे वापरणाऱ्याच्या मूर्खपणात कमी आणि जाहिरात, सूचना व पैशाची देवघेव ह्या तीन प्रतिष्ठित व्यवस्थांच्या परस्परांपासून तुटलेल्या जबाबदारीत अधिक आहेत.

२. भयाची पूर्वपीठिका

संगणकविषाणूचे भय हे ह्या ठकांनी निर्माण केलेले नव्हते. ते त्यांना आयते मिळाले. फ्रेड कोहेन ह्या अमेरिकन संशोधकाने १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात स्वतःच्या प्रती काढणाऱ्या आज्ञावलींचा पद्धतशीर विचार केला. विषाणू हे नाव त्याला त्याचे गुरू लेनर्ड ॲडलमन ह्यांनी सुचविले होते. दिलेली कोणतीही आज्ञावली विषाणू आहे की नाही हे सर्व बाबतींत अचूकपणे ठरविणारी पद्धत असूच शकत नाही, असेही कोहेनने सिद्ध केले. गणिताच्या दृष्टीने हा एक निष्कर्ष होता. समाजाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, संगणकाच्या प्रकृतीचे निदान सामान्य माणसाने स्वतः करणे तर अशक्यच, पण तज्ज्ञाचे निदानही अखेर विश्वासाचीच बाब राहणार.

१९८६ मध्ये लाहोर येथे तयार झालेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीवाटे जगभर पसरला. त्यानंतरच्या दशकात विषाणूंचा उपद्रव खराच होता आणि त्यावर उपाय करणारे व्यवसायही खरेच होते. पुण्यात कैलास व संजय काटकर ह्या बंधूंनी १९९० च्या दशकात संगणकदुरुस्तीच्या धंद्यातूनच अँटिव्हायरसच्या निर्मितीस हात घातला व त्यातून ‘क्विक हील’ हे नाव पुढे आले. दुरुस्तीसाठी येणाऱ्या यंत्रांत विषाणू वारंवार आढळत, हीच त्या उद्योगाची प्रेरणा होती. खऱ्या औषधाची गरज होती, म्हणूनच खोट्या औषधाला बाजार मिळाला, हे विसरता कामा नये.

तथापि खरा धोका आणि त्याचे वर्णन ह्यांत अंतर पडू लागले होते. ‘मायकेलअँजेलो’ हा विषाणू ६ मार्च १९९२ रोजी जागा होऊन लक्षावधी संगणकांतील माहिती नष्ट करील, असे भाकीत त्या वर्षीच्या आरंभी वर्तमानपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून फिरले; पन्नास लाखांपर्यंतचा आकडा सांगितला गेला. प्रत्यक्षात बाधित यंत्रांची संख्या हजारांच्या घरात राहिली. मधल्या काळात अँटिव्हायरसचा खप मात्र भरपूर झाला. ह्यात कोणी खोटी वस्तू विकली असे नाही. पण भयाचा आकडा आणि विक्रीचा आकडा एकत्र वाढतात, हा धडा बाजाराने तेथे घेतला. ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ ही म्हण आपल्याकडे पूर्वीपासून आहे. त्या ब्रह्मराक्षसावर उतारा विकता येतो, ही त्या धड्यातील भर होय.

ह्याच काळातील आणखी एक प्रसंग पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. डिसेंबर १९८९ मध्ये एड्स ह्या रोगाविषयी माहिती देणाऱ्या आज्ञावलीच्या सुमारे २०,००० फ्लॉप्या टपालाने अनेक देशांतील पत्त्यांवर पाठविण्यात आल्या. ती आज्ञावली संगणकातील माहिती अडवून धरी आणि पनामा देशातील एका टपालपेटीवर १८९ डॉलर पाठविण्यास सांगे. भय होते, तंत्र होते, पण हा उद्योग पैशाच्या दृष्टीने फसला. परदेशी टपालाने रक्कम पाठविणे हे काम इतके अवजड होते की, भ्यालेला मनुष्यही ते करावयाच्या आत सावध होई. भय आणि भरणा ह्यांमधील वेळेचे हे अंतर नाहीसे होईपर्यंत भयाचा व्यापार मोठा होऊ शकत नव्हता. क्रेडिट कार्ड आणि आंतरजाल ह्यांच्या संयोगाने ते अंतर पुढे काही सेकंदांवर आले.

३. पहिले खटले

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑक्टोबर २००४ मध्ये न्यू हॅम्पशर येथील संघीय न्यायालयात सायस्मिक एंटरटेनमेंट ह्या कंपनीविरुद्ध जो दावा दाखल केला, त्याला ह्या इतिहासात आरंभबिंदूचे स्थान देता येईल. कमिशनच्या म्हणण्याप्रमाणे ही कंपनी ब्राउझरमधील उणिवांचा फायदा घेऊन लोकांच्या संगणकांत हेरगिरी करणाऱ्या आज्ञावली घुसवी आणि मग त्याच उपद्रवावर ‘स्पाय वायपर’ व ‘स्पाय डिलीटर’ ही सुमारे ३० डॉलरांची औषधे विकी. संगणकाचा सीडीचा खण आपोआप बाहेर येई आणि, तुमचा खण उघडला असेल तर तुम्हाला ह्या आज्ञावलीची नितांत गरज आहे, अशी ‘अखेरची सूचना’ पडद्यावर झळके. हात न लावता यंत्राचा अवयव हलावा, ह्यात भुताटकीचा जो अंश आहे तो ठकाने नेमका ओळखला होता. २००६ मध्ये न्यायालयाने ह्या प्रकरणातील मुख्य प्रतिवादीविरुद्ध ४० लाख डॉलरांहून अधिक रकमेचा हुकूमनामा दिला.

मार्च २००५ मध्ये ‘स्पायवेअर असॅसिन’ ह्या आज्ञावलीच्या विक्रेत्यांविरुद्ध कमिशन न्यायालयात गेले. तेथे फुकट तपासणीचे आमिष होते, आणि निर्दोष संगणकातही ती तपासणी दोष दाखवी. जानेवारी २००६ मध्ये वॉशिंग्टन राज्याने, मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या जोडीने, ‘स्पायवेअर क्लीनर’ विकणाऱ्या सिक्युअर कॉम्प्युटर ह्या कंपनीवर खटला भरला. राज्याने आदल्याच वर्षी केलेल्या नव्या कायद्याखालील तो पहिला खटला होता व त्याच वर्षाच्या अखेरीस तो १० लाख डॉलरांवर मिटला.

ह्या खटल्यांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक म्हणजे, फुकट तपासणी, भयंकर निकाल आणि विकतचा उपाय हा पुढील सर्व व्यापाराचा साचा २००६ पर्यंत पूर्ण तयार झालेला होता. दुसरी म्हणजे, कायदाही कोरा नव्हता. ‘अनुचित अथवा फसव्या’ व्यापारी प्रथांना प्रतिबंध करणारे जे कलम कमिशनने वापरले, त्याची ही शब्दयोजना १९३८ च्या दुरुस्तीइतकी जुनी आहे. कायदा होता, दावे होत होते, हुकूमनामे मिळत होते. तरीही व्यापार वाढतच गेला. ह्याचे कारण पुढील टप्प्यात शोधावे लागते.

४. इनोव्हेटिव्ह मार्केटिंग : ठकबाजीचे कार्यालयीन रूप

आतापर्यंतचे प्रतिवादी लहान होते. इनोव्हेटिव्ह मार्केटिंग ह्या कंपनीने ह्या धंद्याला मोठ्या उद्योगाचे रूप दिले. तिची नोंदणी बेलीझमध्ये होती, तिचे मोठे कार्यालय युक्रेनच्या कीव शहरात होते आणि तिच्या ग्राहकांच्या तक्रारी ऐकण्याचे काम अमेरिकेतील ओहायो राज्यातील बाइटहोस्टिंग ही कंपनी पाही. ‘विनफिक्सर’, ‘विनअँटिव्हायरस’, ‘ड्राइव्हक्लीनर’, ‘एररसेफ’, ‘एक्सपी अँटिव्हायरस’ ही तिच्या मालाची काही नावे. माल मूलतः एकच. नाव बदनाम झाले की नवे वेष्टन चढविले जाई.

कमिशनने डिसेंबर २००८ मध्ये मेरीलँड येथील संघीय न्यायालयात जी फिर्याद दाखल केली, तिच्यातील जाहिरातीविषयीचा भाग विशेष उद्बोधक आहे. ही मंडळी प्रतिष्ठित कंपन्यांच्या व संस्थांच्या वतीने जाहिराती देणारे अडते म्हणून जाहिरातजाळ्यांकडे जात. दिलेली जाहिरात वरकरणी निर्दोष असे. पण तिच्यात अशी योजना असे की, जाहिरातजाळ्याच्या कचेरीतून कोणी ती पाहिली तर निर्दोष चित्रच दिसावे आणि सामान्य वाचकाने पाहिली तर तो खोट्या तपासणीच्या पानावर ओढला जावा. तपासनिसाला एक तोंड आणि गिऱ्हाइकाला दुसरे, असा हा दुतोंडी माल होता. खोट्या तपासणीत विषाणूंबरोबर कधीकधी बेकायदेशीर अश्लील चित्रेही ‘सापडत’. हा तपशील क्षुल्लक नाही. संगणक बिघडल्याचे भय माणूस शेजाऱ्याजवळ बोलून दाखवील. अश्लील चित्रे सापडल्याचे भय तो कोणाजवळ बोलणार नाही. सावजाला एकटे पाडणे ही भयाच्या व्यापाराची पहिली गरज असते आणि लज्जा हे त्याचे सर्वांत स्वस्त साधन होय.

कमिशनच्या अंदाजाप्रमाणे दहा लाखांहून अधिक लोकांनी ह्या कंपनीचा माल विकत घेतला. मे २०१० मध्ये शिकागो येथे तिच्याशी संबंधित तिघांवर फौजदारी आरोप ठेवण्यात आले. त्यांत साठाहून अधिक देशांतील लोकांची १० कोटी डॉलरांहून अधिक हानी झाल्याचे नमूद आहे. दिवाणी दाव्यात एका उपाध्यक्षेविरुद्ध २०१२ मध्ये १६ कोटी ३० लाख डॉलरांहून अधिक रकमेचा निकाल झाला व फेब्रुवारी २०१४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो कायम केला. ज्या व्यक्तीला फसव्या व्यवहाराची माहिती होती आणि ज्या व्यक्तीने त्यात प्रत्यक्ष भाग घेतला अथवा जिला त्याचे नियंत्रण करण्याचा अधिकार होता, ती व्यक्तिशः जबाबदार ठरते; फसविण्याचा हेतू स्वतंत्रपणे सिद्ध करण्याची गरज नाही, हे तत्त्व तेथे मान्य झाले. एका तडजोडीतून मिळालेल्या ८२ लाख डॉलरांतून डिसेंबर २०११ मध्ये तीन लाखांहून अधिक ग्राहकांना परतफेडीचे धनादेश निघाले. सरासरीने एकेकाच्या हाती पडलेली रक्कम त्याने भरलेल्या किमतीहून बरीच कमी होती. न्यायालयाचा आकडा आणि ग्राहकाच्या हाती पडलेला आकडा ह्यांतील ही दरी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

५. पसाऱ्याचे गणित

इनोव्हेटिव्ह मार्केटिंगवर कारवाई होत असतानाच धंद्याची रचना बदलू लागली होती. माल तयार करणारे एक आणि तो लोकांच्या संगणकापर्यंत पोहोचविणारे दुसरे, अशी श्रमविभागणी झाली. रशियन भाषेत ‘पार्तनेर्का’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ह्या पद्धतीत कोणीही वितरक होऊन प्रत्येक विक्रीवर मोठी दलाली मिळवू शके. ‘अँटिव्हायरस एक्सपी’ची अशी एक दलालीयोजना चालविणाऱ्या बाकासॉफ्टवेअर ह्या मंडळीचे हिशेब २००८ मध्ये बाहेर आले, त्यांत सर्वांत यशस्वी दलालाने दहा दिवसांत सुमारे १ लाख ४६ हजार डॉलर मिळविल्याची नोंद होती. खऱ्या विषाणूंचे कर्तेही ह्या बाजाराचे दलाल झाले. नोव्हेंबर २००८ मध्ये प्रकट झालेल्या ‘कॉन्फिकर’ ह्या कुप्रसिद्ध किड्याचा पहिला अवतार अशाच एका दलालीयोजनेच्या ठिकाणाशी संपर्क साधण्याचा प्रयत्न करी. एप्रिल २००९ मधील त्याच्या एका अवताराने तर ‘स्पायवेअर प्रोटेक्ट २००९’ हे बनावट औषधच संगणकात आणून ठेवले. रोग आणि खोटे औषध ह्यांची युती येथे पूर्ण झाली.

ह्या पसाऱ्याची मापे तीन अभ्यासांतून मिळतात. सिमँटेक कंपनीने ऑक्टोबर २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात अशा २५० निरनिराळ्या आज्ञावलींची आणि जुलै २००८ ते जून २००९ ह्या वर्षातील ४ कोटी ३० लाख स्थापनाप्रयत्नांची नोंद आहे. गूगलच्या संशोधकांनी २०१० मध्ये मांडलेल्या निबंधात तेरा महिन्यांतील २४ कोटी पानांची छाननी आहे. तीत ह्या धंद्यात गुंतलेली ११,००० हून अधिक ठिकाणे आढळली आणि जाळ्यावर सापडलेल्या एकूण घातक आज्ञावलींत ह्यांचा वाटा शेकडा १५ इतका भरला. आपल्या निबंधाच्या शीर्षकात त्यांनी वैद्यकातील ‘नोसीबो’ ही संज्ञा योजिली आहे. निरुपद्रवी वस्तूही अपाय करील ह्या समजुतीनेच जेव्हा अपाय होतो, तेव्हा वैद्य ही संज्ञा वापरतात.

तिसरा अभ्यास सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांचा असून तो २०११ चा आहे. त्यांना अशा तीन व्यवसायांच्या मूळ सर्व्हरांवरील नोंदीच अभ्यासावयास मिळाल्या. तिन्ही व्यवसायांची मिळून कमाई १३ कोटी डॉलरांहून अधिक होती, आणि आज्ञावली ज्यांच्या संगणकात शिरली त्यांच्यापैकी पैसे भरणाऱ्यांचे प्रमाण शेकडा २ ते अडीच इतकेच होते.

हे शेवटचे प्रमाण ‘वापरणाऱ्यांचे अज्ञान’ ह्या स्पष्टीकरणाचा पाया डळमळीत करते. शंभरांपैकी सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव माणसे पैसे भरीत नव्हती. म्हणजे बहुसंख्य समाज भोळा होता म्हणून धंदा चालला असे नव्हे. शंभरांत दोघे भ्याले तरी पुरे, इतका प्रचंड पसारा जवळजवळ फुकट उपलब्ध होता म्हणून तो चालला. कोणत्याही समाजात, कोणत्याही दिवशी, शंभरांत दोन माणसे थकलेली, घाईत असलेली, वृद्ध किंवा नवखी असणारच. शिक्षणाने हे प्रमाण दोनावरून एकावर आणता येईल. शून्यावर आणता येणार नाही.

ह्या ठिकाणी साधनांविषयीही एक सावधगिरी सुचविली पाहिजे. वरीलपैकी बरीच माहिती अँटिव्हायरस विकणाऱ्या कंपन्यांकडून आलेली आहे आणि धोक्याचा आकडा मोठा असण्यात त्यांचे हित गुंतलेले असते. १९९२ चा अनुभव ह्या बाबतीत बोलका आहे. म्हणून स्थापनाप्रयत्नांच्या आकड्यांपेक्षा न्यायालयीन कागदपत्रे आणि ठकांच्या स्वतःच्या हिशेबाच्या नोंदी ह्यांना अधिक वजन देणे योग्य ठरते. ज्यांनी पैसे भरले त्यांची वाणी मात्र ह्या साऱ्या साधनांत जवळजवळ ऐकू येत नाही. ती तक्रारीच्या अर्जापुरती उमटते आणि लोपते.

६. सूचनेची भाषा आणि भरण्याची वाट

दोन प्रतिष्ठित व्यवस्थांनी ह्या धंद्याला नकळत, आणि काही अंशी कळूनही, हात दिला. पहिली व्यवस्था सूचनांची होय. ऑगस्ट २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीच्या सुधारणेबरोबर ‘सिक्युरिटी सेंटर’ आणले. संगणकास संरक्षण नसेल तर तांबडी ढाल आणि कोपऱ्यातील फुग्यासारखी सूचना दिसू लागली. उद्देश चांगला होता. परंतु त्यामुळे कोट्यवधी लोकांना ढालीचे चित्र दिसताच सांगितल्याप्रमाणे करण्याची सवय लागली. बनावट आज्ञावलींनी हीच ढाल, हेच रंग, हीच शब्दरचना उचलली. सप्टेंबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘सिक्युरिटी एसेन्शियल्स’ हे खरे औषध फुकट वाटावयास घेतले, तेव्हा काही महिन्यांतच ‘सिक्युरिटी एसेन्शियल्स २०१०’ ह्या नावाचे खोटे औषध बाजारात आले. अधिकाराची खूण जितकी सोपी, तितकी तिची नक्कल सोपी. सप्टेंबर २००९ मध्येच ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावर एका परिचित दूरध्वनी कंपनीच्या नावाने घेतलेल्या जाहिरातीतून खोटी तपासणी अवतरली. वाचकाने येथे कोणतीही अविचारी गोष्ट केलेली नव्हती. तो एका प्रतिष्ठित वृत्तपत्राचे पान वाचीत होता. कुंपणानेच शेत खाल्ले तर शेतकऱ्याला बेसावध म्हणता येत नाही.

दुसरी व्यवस्था पैशाची. कार्डाने पैसे घ्यावयाचे तर बँकेत व्यापारी खाते हवे आणि व्हिसा, मास्टरकार्ड ह्या जाळ्यांचे नियम पाळावयास हवेत. फसलेला ग्राहक आपल्या बँकेकडे तक्रार करून रक्कम परत मागू शकतो. अशा परताव्यांचे प्रमाण वाढले की व्यापाऱ्याचे खाते बंद होण्याचा धोका असतो. सांता बार्बराच्या अभ्यासकांना येथे एक विलक्षण गोष्ट आढळली. ठक मंडळी तक्रारी आणि परतावे ह्यांच्यावर बारीक नजर ठेवीत, आणि परताव्यांचे प्रमाण धोक्याच्या रेषेकडे सरकू लागले की, मागतील त्यांना स्वतःहून पैसे परत देऊ लागत. नोंदींतील हे चढउतार पाहता ठकांच्या ह्या उदारतेचा उगम बँकेच्या मर्यादेत होता, असे म्हणावे लागते. ग्राहकसेवेचे दूरध्वनी, नम्र उत्तरे, परतफेड ह्या सर्वांचा हेतू खाते जिवंत ठेवणे हा होता. खाती पुरविणाऱ्या मध्यस्थांनाही ह्या व्यवहारातील जोखीम ठाऊक होती. ते जादा दर आकारून ती पत्करीत.

७. २०११ चा उन्हाळा

मे २०११ मध्ये ‘मॅक डिफेंडर’ ह्या नावाने हा रोग ॲपलच्या संगणकांवरही आला. त्यांचे वापरणारे स्वतःला ह्या उपद्रवापासून मुक्त समजत असल्याने खळबळ अधिक झाली आणि महिनाअखेरीस ॲपलला त्यावर खास सुधारणा प्रसृत करावी लागली. ब्रायन क्रेब्ज ह्या अमेरिकन पत्रकाराने त्याच महिन्यात ह्या आज्ञावलीच्या ठिकाणांचा संबंध क्रोनोपे ह्या रशियातील मोठ्या भरणा-कंपनीशी असल्याचे लिहिले. कंपनीने ते नाकारले. जूनमध्ये तिच्या संस्थापकाला मॉस्कोत वेगळ्याच गुन्ह्याच्या आरोपावरून अटक झाली.

२२ जून २०११ रोजी अमेरिकेच्या न्यायखात्याने ‘ट्रायडंट ट्रायब्युनल’ ह्या मोहिमेची घोषणा केली. बारा देशांच्या सहकार्याने चाळीसहून अधिक संगणक, सर्व्हर व बँकखाती ताब्यात घेण्यात आली. एका टोळीने ९ लाख ६० हजार लोकांकडून ७ कोटी २० लाख डॉलर उकळल्याचे सांगण्यात आले. तिची किंमत काही वेळा १२९ डॉलरांपर्यंत जाई. दुसऱ्या, लात्वियातील टोळीने मिनीआपोलिसच्या ‘स्टार ट्रिब्यून’ ह्या वृत्तपत्रात एका हॉटेलसमूहाच्या नावाने बनावट जाहिरात घेतली होती. त्या प्रकरणातील मुख्य आरोपी पळून गेला, २०१६ मध्ये पोलंडमध्ये सापडला आणि २०१८ मध्ये त्याला ३३ महिन्यांची शिक्षा झाली. न्यायाला सात वर्षे लागली. धंदा मात्र २०११ च्या उन्हाळ्यातच झपाट्याने घटला.

ह्या ओहोटीचे श्रेय अनेकांना दिले जाते : पोलिसांची धाड, शोधयंत्रांची सुधारणा, फुकट मिळणारे खरे अँटिव्हायरस, लोकांची वाढती जाणीव. ह्यांपैकी शेवटची तीन कारणे हळूहळू काम करणारी आहेत. त्यांनी काही आठवड्यांत घडलेली घट समजावून देता येत नाही. धाडीत सापडलेली माणसेही धंद्यातील सर्व माणसे नव्हती; दलाल आणि आज्ञावलीकार बहुतांशी मोकळेच राहिले. मात्र एकाच वेळी पैशाची वाट अरुंद झाली. नवा आज्ञावलीकार उद्या मिळतो, नवे नाव क्षणात मिळते. पण अशा मालाचे पैसे स्वीकारणाऱ्या बँका जगात मूठभरच असतात. नकली औषधे व इतर मालाच्या जाहिरातींविषयी ह्याच सुमारास झालेल्या अमेरिकन विद्यापीठांतील अभ्यासांचा निष्कर्षही हाच आहे. म्हणून २०११ च्या घटनेचे मुख्य कारण भरण्याच्या मार्गाची कोंडी हे मानणे सयुक्तिक ठरते. १९८९ च्या फ्लॉपीला जे अडले होते, तेच पुन्हा अडले.

८. वारसा

व्यापार संपला, तरी भय शिल्लक राहिले आणि त्याने निराळ्या वाटा शोधल्या. एका वाटेने ते खंडणीकडे वळले : २०१२ मध्ये पोलिसांच्या नावाने दंड मागणारी ‘रेव्हेटन’ आणि सप्टेंबर २०१३ पासून माहिती खरोखरच कुलूपबंद करणारी ‘क्रिप्टोलॉकर’. तेथे पैशाची वाट कार्डाऐवजी पूर्वभरणा पावत्या व बिटकॉइन ही होती. म्हणजे जी वाट बंद झाली होती तिला पर्याय सापडला होता.

दुसऱ्या वाटेने भय दूरध्वनीवर गेले, आणि येथे भारताचा संबंध येतो. ऑक्टोबर २०१२ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने सहा दावे जाहीर केले. मुख्यतः भारतातून बोलणारी माणसे नामांकित संगणककंपन्यांची नावे सांगत, विंडोजमधील नेहमीच्या नोंदींची यादी ग्राहकालाच उघडावयास लावीत, तिच्यातील निरुपद्रवी इशारे विषाणूचा पुरावा म्हणून दाखवीत आणि ४९ ते ४५० डॉलर घेत. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथे ज्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तेथून अमेरिकन करखात्याच्या नावाने धाक घातला जात होता. विषय निराळा होता, साचा तोच. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये आकाशवाणीवरून ज्याविषयी सावध केले, ती ‘डिजिटल अटक’ ही ह्याच साच्याची भारतीय माणसांवर उलटलेली आवृत्ती होय. अधिकाराची खोटी खूण, अपराधाचा खोटा पुरावा, कोणाशी न बोलण्याची ताकीद आणि तत्काळ भरणा ही चार अंगे तीत जशीच्या तशी आढळतात.

तिसरी वाट अधिक अस्वस्थ करणारी आहे, कारण ती प्रतिष्ठित दुकानांतून जाते. मार्च २०१९ मध्ये ऑफिस डेपो ह्या अमेरिकन दुकानसाखळीने आणि तिला आज्ञावली पुरविणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमने मिळून ३ कोटी ५० लाख डॉलर देऊन कमिशनचा दावा मिटविला. दुकानात संगणक तपासताना ग्राहकाला आधी चार प्रश्न विचारले जात. त्यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी आले की, तपासणीत काहीही निघो, दोष सापडल्याचा निकाल लागे, असा कमिशनचा आरोप होता. मार्च २०२४ मध्ये रेस्टोरो व रीइमेज ह्या सायप्रसमधील कंपन्यांनी तशाच स्वरूपाच्या आरोपांवरून २ कोटी ६० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. खरे आणि बनावट ह्यांमधील रेषा किती पुसट झाली होती, ह्याचा हा पुरावा आहे.

९. उपसंहार

सारांश, बनावट अँटिव्हायरसचा इतिहास हा संगणकशास्त्राच्या इतिहासापेक्षा विश्वासाच्या इतिहासाचा भाग आहे. ज्याची परीक्षा स्वतः करता येत नाही अशी वस्तू माणूस खुणांवर विश्वासून घेतो. औषधांच्या बाबतीत हे जगाने पूर्वीच अनुभवले आहे. त्या अनुभवातून भारतात औषधे व जादुई उपाय ह्यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींसंबंधीचा १९५४ चा कायदा झाला आणि त्याने केवळ औषध विकणाऱ्याला नव्हे, तर अशा जाहिरातीच्या प्रसिद्धीत कोणत्याही प्रकारे भाग घेणाऱ्यालाही मनाई केली. २००४ ते २०११ ह्या काळातील खटल्यांत हा धागा जवळजवळ दिसत नाही. जाहिरात वाहून नेणारे, पैसे स्वीकारणारे आणि सूचनेची भाषा घडविणारे सर्वजण आपापल्या अंगणापुरते निर्दोष राहिले. आणि ज्याच्याकडे कोणतेच साधन नव्हते त्या ग्राहकाकडूनच सावधपणाची अपेक्षा करण्यात आली.

ह्या व्यापाराने झालेली हानी डॉलरांत पूर्ण मोजता येत नाही. समाजाला धोक्याची सूचना देता येणे ही एक सामाईक संपत्ती आहे. घंटा वाजली की धावावे, हा संकेत सर्वांनी पाळला तरच तो उपयोगी पडतो. खोट्या घंटा इतक्या वाजविल्या गेल्या की, शहाणी माणसे खऱ्या घंटेकडेही दुर्लक्ष करू लागली, आणि जी भाबडी राहिली ती प्रत्येक घंटेला पैसे देत राहिली. पैशाची वाट अडवून एक व्यापार थांबविता आला. परंतु सूचनेवरील उडालेला विश्वास परत बसविण्याचा तितका सोपा मार्ग ह्या इतिहासात आढळत नाही.